आधी डावा हात

काल सकाळी पडदा सरकवला आणि समोरची इमारत गायब! आमच्या झिरकपूरला, चंदीगडच्या वेशीवर, हिवाळा असाच येतो, आगाऊ काही न कळवता. समोरचा टॉवर नाही, मागची पाण्याची टाकी नाही, एअरपोर्टचा रस्ता तर नाहीच. त्याच्या जागी नुसते हॉर्न. एरवी डोक्यावरून जाणारी विमानं चिडीचूप. खालचा चहावाला दिसत नव्हता, पण त्याच्या आल्याचा वास चौथ्या मजल्यापर्यंत चढून आला होता. अशा सकाळी लोक हीटर काढतात, रजया काढतात. मला काढावं लागत नाही काही. माझी डंबेल्स बारा महिने बाल्कनीच्या दाराशीच पडलेली असतात. धुक्याच्या दिवसांत त्यांचं लोखंड इतकं गारठतं की मुठीत धरलं की "आई गं" निघतंच तोंडातून.

साठी उलटलेली बाई आणि डंबेल्स, हे ऐकून ज्यांना हसू येतं त्यांनी खुशाल हसावं. मी बँकेत नोकरी केली, चंदीगडच्या सतरा सेक्टरात, काउंटरच्या आत बसून. तोंडावर हसणारे आणि पाठीमागे हसणारे असे दोन्ही प्रकार मी भरपूर पाहिलेत. मला सकाळी फिरायला जा म्हणून सांगणारे आहेत, योगासनं कर म्हणणारे आहेत, "या वयात कशाला वजनं?" म्हणणारे तर पैशाला पासरी. त्यांना मी एकच सांगते. तुमचं ते तुमच्याजवळ. मला माझी ही दोन लोखंडं पुरेत.

धुकं परत आलं की मला तो एक हिवाळा आठवतो. हात मोडला त्या वर्षीचा.

त्याचं असं झालं. मी दसरा काढत होते. दसरा काढणं म्हणजे काय, हे मला माझ्या पंजाबी शेजारणींना अजून धड सांगता आलेलं नाही. ही मंडळी दिवाळीला घर आवरतात. आमच्याकडे घट बसायच्या आत घरातलं एकूणएक पांघरूण धुऊन निघालं पाहिजे. खोळी, चादरी, सतरंज्या, आणि गोधड्या. माझ्या आईने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी मी कराडहून जिथे जिथे बदली झाली तिथे तिथे नेली. माझ्या मुलाचे, अमेयचे बाबा सैन्यात, त्यामुळे बदल्या काय कमी? त्यांची शेवटची नेमणूक इकडची. निवृत्त झाल्यावर झिरकपूरला हा फ्लॅट घेतला आणि इथलेच झालो. ते गेल्यावरही मी इथेच राहिले, एकटी. तर ती गोधडी मशीनमध्ये टाकायची नसते. पायांनी तुडवायची, धोपटायची, आणि कडक उन्हात वाळवायची. ऊन गच्चीत. ओली गोधडी कधी उचललीये कोणी? पाणी प्यायलेलं रेडकू उचलावं तशी असते ती. मी ती दोन्ही हातांवर घेऊन जिना चढत होते, तिचंच पाणी पायरीवर गळत होतं आणि त्या पाण्यावरून माझा पाय गेला. डावं मनगट. कडकन आवाज आलेला मी स्वतः ऐकला.

शेजारच्या बक्षीबाई धावल्या. "हाय रब्बा! भाभीजी, ये कोई धोने की चीज़ है?" मी तशा अवस्थेतही म्हटलं, "दसरा है ना." त्यांना वाटलं मी भ्रमिष्ट झाले.

प्लास्टर निघालं तेव्हा आतून जो हात बाहेर आला तो माझा वाटेना. बारीक, पिवळट, सुरकुतलेला. किन्नूची, म्हणजे इकडच्या संत्र्याची, साल निघेना त्याने. कुकर उचलवेना. ब्लाउजचा हुक लावायला बक्षीबाईंना हाक मारायची, म्हणजे काय ते बायकांना कळेल. आणि सगळ्यात वाईट म्हणजे लोक माझ्या हातातून वस्तू काढून घ्यायला लागले. गेटवरचा गार्ड पिशवी घ्यायचा, भाजीवाला मटार स्वतः वर आणून द्यायचा, बक्षीबाई तर कणीक मळलेली परात घेऊन यायच्या. "छड्डो जी, असी बैठे हैं ना." म्हणजे, सोडा हो, आम्ही आहोत ना. सगळी चांगली माणसं हो. मी त्यांना नावं ठेवत नाही. पण चांगुलपणानेसुद्धा माणूस लुळा होतो, हे मी त्या दिवसांत शिकले.

अमेय पुण्यात असतो. प्लास्टर घातलं तेव्हा येऊन गेला होता, निघालं तेव्हा व्हिडिओवर होता. तो म्हणाला, "आई, बास आता. संक्रांत झाली की मी येतो तुला न्यायला. फ्लॅट विकायचं बघू."

"हात बरा झाला की मी कशाला येऊ?"

"प्रश्न हाताचा नाहीये गं."

"हाताचाच आहे," मी म्हटलं आणि फोन ठेवला. ठेवल्यावर मात्र रडले. माझं घर माझ्या मनगटावर टांगलेलं होतं आणि मनगटात जीव नव्हता.

डॉक्टरांनी वजन उचलायची परवानगी दिल्यावर मी आमच्या सोसायटीच्या जिममध्ये गेले. बिल्डरने झकपक काचेची केलेली जिम. तिथे मुलं निम्मा वेळ आरशात फोटो काढतात. तिथला ट्रेनर विकी, भला मुलगा, म्हणाला, "मॅडम, आप मशीन पे बैठो. एकदम सेफ." बसले. छातीसमोर दोन मुठी, दोन्ही एकाच लोखंडी दांड्याला जोडलेल्या, मागे वजनाच्या पाट्या. ढकलल्या की पाट्या वर जायच्या. "शाब्बास मॅडम!" मला इतका आनंद झाला म्हणता! रोज जायला लागले. पाट्या वाढत गेल्या. मी अमेयला फोनवर ऐकवलंसुद्धा.

आणि घरी आल्यावर दुधाचं पातेलं डाव्या हाताने उचलायला जावं तर ते ओट्यावरच!

हरलीन माझी फिजिओथेरपिस्ट. मला मुलगी असती तर तिच्या वयाची, अगदी कमी बोलणारी. ती एकदा जिममध्ये आली, माझ्यामागे उभी राहिली आणि आरशाकडे बोट करून म्हणाली, "आंटी जी, लेफ्ट हॅन्ड को देखो." बघितलं तर काय, उजवा हात ढकलतोय, शिरा ताठ, आणि डावा नुसता मुठीवर टेकलेला. आयत्या बिळावर नागोबा! दांडा एकच, त्यामुळे एकाने ढकललं तरी दोघं पुढे. मशीनला काय पडलंय कोणी ढकललं याचं? पाट्या वर गेल्या की तिचं काम झालं. विकीचंही झालं.

हरलीन म्हणाली, "डंबेल्स ले लो. पहले कमजोर हाथ. जितना वो करे, उतना ही दूसरा करे. एक भी ज्यादा नहीं."

मला ते पटायला वेळ लागला नाही. आमच्याकडे डाव्या हाताला कोण विचारतो? प्रसाद उजव्याने, कुंकू उजव्याने, घास उजव्याने. लहानपणी कराडला मी डाव्या हाताने काही द्यायला गेले की आई चापट मारायची. साठ वर्षं तो बिचारा परात धरून ठेवायचं काम करत आला आणि मोडला तोही तोच. त्याला आता पहिला मान द्यायचा, आणि उजव्याने त्याच्यासाठी थांबायचं. मला तर हा नियम सगळ्या घरांत लावावासा वाटला.

सतरा सेक्टरातलं खेळाच्या सामानाचं दुकान माझ्या ओळखीचं, बँकेपासून चार पावलांवर. दुकानदाराने विचारलं, "बेटे के लिए?"

"मेरे लिए."

त्याने लगेच खालच्या कप्प्यातून गुलाबी, प्लास्टिकची, भातुकलीतली वाटावीत अशी जोडी काढली. मी म्हटलं, "ये नहीं. लोहेवाले." तो म्हणाला, "लेडीज यही लेती हैं जी." मी म्हटलं, "ये लेडीज वो लेगी." बाजूचं गिऱ्हाईक हसलं. मग त्याने काळी, लोखंडी, दोन-दोन किलोंची काढली आणि म्हणाला, "घर पहुँचा दूँ?" म्हटलं, नको. दोन पिशव्या मागून घेतल्या, एक या हातात, एक त्या हातात, आणि बसच्या स्टॉपवर गेले. डावं मनगट ठणकत होतं. पण चालताना मला आईची आठवण झाली. नळावरून पाणी आणताना ती नेहमी दोन बादल्या भरायची. मी एकदा विचारलं होतं, एकच का नाही आणत? ती म्हणाली, "एका बादलीनं माणूस वाकडं हुतंय. दोन घेतल्या की सरळ चालतंय." फुटपाथवरून मी सरळ चालत होते.

मग सुरू झाला तो धुक्याचा हिवाळा. सकाळी उठायचं, आल्याचा चहा घ्यायचा, स्वेटरवर शाल आवळायची आणि बाल्कनीच्या दाराशी खुर्ची ओढायची. बाहेर जग पुसलेलं. आधी डावा. तो थरथरायचा, भरकटायचा, आतल्या बाजूला पडायचा. मशीनवर हात आगगाडीसारखा रुळावरून जातो. इथे रूळ नाही. वजन पुढे जातं, मागे जातं, कोपर हेलपाटतं, आणि त्याला सावरायला खांदा, पाठ, पोट अशी मागची सगळी मंडळी धावून येतात. दमायला होतं ते त्यानेच. पण घरातली कुठली वस्तू रुळावरून चालते? पातेलं चालतं? ओली गोधडी चालते?

विकी मला समजवायला आला होता. "मॅडम, फिर बारबेल करो, असली चीज तो वही है." बारबेल म्हणजे तो लांब दांडा, दोन्ही टोकांना चकत्या. त्याचा मान मी कमी करत नाही. मांड्या-पाठ कमवायची, भारी वजन उचलायचं, तर दांड्याला तोड नाही. खरं ते खरं. पण आडवं पडून तो छातीवर घ्यायचा तर उशाशी एक माणूस उभा लागतो, अडकला तर उचलायला. माझ्या उशाशी कोण उभं राहणार? अमेयचे बाबा होते ते गेले. डंबेल्स जड झाली तर दोन बाजूंना दोन सोडून द्यायची. फार तर फरशीला टवका जाईल. एकट्या माणसाने अशीच वजनं उचलावीत, जी स्वतःची स्वतःला खाली ठेवता येतात.

रबरी पट्टेही मी करून पाहिले. सुरुवातीला लाडात येतात, शेवटी हिसका देतात, आणि आपण नक्की किती उचललं ते सांगत नाहीत. केटलबेल म्हणजे तर देवळाच्या दाराला लावायचं कुलूप; सगळं वजन एका बाजूला लोंबतं, माझ्या मनगटाला ते सोसेना. बक्षीबाईंच्या घरी मल्टीजिम आहे. खोलीभर लोखंड, नाकापेक्षा मोती जड. तिच्यावर त्यांच्या यजमानांचे पायजमे छान वाळतात.

डंबेल्सना दोष नाहीत असं नाही बरं का. गडगडतात. पायाच्या बोटावर पडली तर सात पिढ्या आठवतात. दोनावरून पुढच्या वजनावर जाताना मधली पायरीच नसते, एकदम उडी. मी ती उडी मारायला फार दिवस घाबरत होते. पण लोखंड खोटं बोलत नाही. काल दोन किलो होतं तर आजही दोनच असतं, आणि काल जे जमलं नव्हतं ते आज जमलं तर ते आपलंच असतं.

संक्रांत झाली आणि अमेय आला. परतीची दोन तिकिटं घेऊन! तिळाची वडी दिली, "गोड बोल" म्हटलं. त्याने मोठ्या बॅगा माळ्यावरून काढल्या. आणि धुकं असं उतरलं की दुसऱ्या दिवसाचं विमान रद्द. पुढच्या दिवसाचंही. अमेय खिडकीशी फेऱ्या मारायचा, फोनमध्ये बघायचा, परत फेऱ्या. मी माझी खुर्ची ओढून डावा हात सुरू केला की माझी नजर चुकवून दुसरीकडे बघायचा.

तिसऱ्या दिवशी कंटाळून त्याने माझी डंबेल्स उचलली. पुण्यात भारीतल्या जिमला जातो तो, मशीनवर पाट्यांवर पाट्या चढवतो. माझ्या हातातलं बघून म्हणाला, "हे काय गं, चिल्लर!" आणि दोन्ही डोक्यावर नेली. उजवा गेला सरळ. डावा मधेच डुगडुगायला लागला, कोपर बाहेर, मनगट वाकडं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मला हसू आवरेना.

"हसू नकोस," तो म्हणाला. "स्लिप झालं."

"मशीन तुझ्या डाव्याला सांभाळून घेते रे. तो बघ किती वर्षं झोपलाय!"

तोही हसला आणि मग एकदम खाली बसला. डंबेल मांडीवर. म्हणाला, "आई, बाबा गेले तेव्हा मी इथे पोचलो नाही. विमान दिल्लीला उतरवलं, तिथून गाडीने येईपर्यंत सगळं उरकलं होतं. हेच धुकं. तू पडलीस, परत पडलीस आणि मी नाही पोचलो तर?"

एवढा मोठा बाप्या, त्याला रडू फुटलं. त्याला जवळ घेतलं, डाव्या हाताने घेतलं ते मागाहून लक्षात आलं.

मग म्हटलं, "अमेय, पडेन मी. पुण्यात काय फरश्या कापसाच्या आहेत? तिथेही पडेन. तुला माझ्या उशाशी उभं राहायचंय, कळतं मला. पण मी जे उचलते त्याला उशाशी माणूस लागत नाही. नाही झेपलं तर खाली ठेवीन मी. ठेवायच्या आधीच माझ्या हातातून काढून घेऊ नकोस."

"हट्टी आहेस."

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही. ये, किन्नू सोल." त्याने सोलायला घेतला आणि मी तो त्याच्या हातातून काढून स्वतः सोलला, डाव्या अंगठ्याने, सालीचा एक तुकडा न तोडता. त्याने बघितलं.

ऊन पडलं तेव्हा विमानं सुरू झाली. त्याने दोन्ही तिकिटं बदलायला फोन हातात घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि एकच बदललं. मोठ्या बॅगा आपणहून माळ्यावर चढवल्या.

निघायच्या वेळी वीज गेलेली, लिफ्ट बंद. त्याच्याजवळ त्याची बॅग आणि मी भरून दिलेली खाऊच्या डब्यांची पिशवी. मी ती पिशवी डाव्या हातात उचलली आणि जिना उतरायला लागले. त्याच जिन्याने. पहिल्या वळणावर त्याचा हात पुढे आला, पिशवीच्या बंदापर्यंत आला. मग त्याने तो हात खिशात घातला आणि माझ्या मागून उतरत राहिला. पोरगं माझं आहे, मला माहीत आहे, त्याला त्या चार मजल्यांत किती कष्ट पडले असतील ते. गेटवर गार्ड धावला, "लाइये आंटी." अमेयच म्हणाला, "रहने दो भैया. वो ले आएँगी."

त्यानंतरच्या दसऱ्याला मी गोधडी धुतली. होय, तीच. बक्षीबाईंनी कपाळाला हात लावला. या खेपेला जिन्यात नेण्याआधी पाणी गळू दिलं, पिळून घेतली, पायात रबरी चपला घातल्या. हट्टी आहे, मूर्ख नाही. गच्चीत दोरीवर ती पसरली तेव्हा आईच्या लुगड्यांचे सगळे काठ उन्हात दिसत होते. मी फोटो अमेयला पाठवला. रात्री उत्तरात एक अंगठा आला. बस. मला वाटलं, रागावला.

काल धुकं आलं आणि संध्याकाळी त्याचा फोन.

"तिकडे धुकं पडलंय ना? बातम्यांत दाखवतायत."

"पडलंय. ये ना, गाजरं मस्त आलीत. पण राहायला ये. न्यायला येऊ नकोस."

"नाही गं, न्यायला नाही येत." पलीकडून काहीतरी जड फरशीवर ठेवल्याचा आवाज आला, आणि तो आवाज मी कुठेही ओळखीन. "आई, मी पण घेतलीत. लोखंडी. उशाशी कोणी लागत नाही म्हणालीस ना... पण डावा अजून थरथरतो."

मी खुर्ची ओढली, फोन स्पीकरवर टाकला आणि गार लोखंड मुठीत घेतलं.

"थरथरू दे," म्हटलं. "आधी डावा. उजव्याला थांबायला सांग."